टेम्पोचं घर झालं, आरसी बुकात मात्र तो मालवाहूच

नारायण पेठेत राहणाऱ्या माणसाला जुन्या मालवाहू व्हॅनचं फिरतं घर करायचं असेल, तर सामानासाठी लांब जावं लागत नाही. वायर, एमसीबी, बारा व्होल्टचे दिवे बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मिळतात. प्लायवूड भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात. बिजागऱ्या, कड्या, जुना पंखा हवा असेल तर रविवारी किंवा बुधवारी जुना बाजार. सुतार, वेल्डर, सीट शिवणारा कारागीर, सगळे दोन-चार किलोमीटरच्या आत. यूट्यूबवर व्हिडिओ बघून महिन्या-दीड महिन्यात गाडीत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवता येते.

आणि गाडी? ती अनेकदा तालुक्यातून येते. दौंडला दूध वाहून झालेली ईको कार्गो, मंचरच्या बाजार समितीत कोथिंबिरीच्या जुड्या नेऊन थकलेला छोटा हत्ती, नाहीतर एखाद्या संस्थेने बदलायला काढलेली जुनी ट्रॅव्हलर. विकणारा शेतकरी असतो किंवा छोटा वाहतूकदार. पैसे हातात पडले, चावी दिली, त्याच्या दृष्टीने विषय संपला.

विषय तिथे संपत नाही. हौस पेठेतल्या माणसाची असली तरी तिचा सगळ्यात मोठा धोका कधी कधी गाडी विकणाऱ्याच्या गळ्यात पडतो. घरच्या घरी केलेली कॅम्पर आजच्या कायद्यात कागदावर मालवाहू टेम्पोच राहते. मालवाहू टेम्पोत माणसं बसली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग भरपाई कोणाकडे मागायची? आरसी बुकावर ज्याचं नाव, त्याच्याकडे.

आधी शब्दाचा घोळ. ग्रामीण भागात 'कॅम्पर' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती महिंद्राची बोलेरो कॅम्पर, पुढे दोन रांगा सीट आणि मागे हौदा. तिचा मुक्कामाशी काही संबंध नाही. इथे विषय आहे तो मागे झोपायची, स्वयंपाकाची सोय केलेल्या बंद व्हॅनचा. सरकारी कागदात तिला 'मोटर कॅरॅव्हॅन' किंवा 'कॅम्पर व्हॅन' म्हणतात.

चाकावरचा मुक्काम पुणे जिल्ह्याला नवा नाही. आषाढीला पालख्यांबरोबर चालणाऱ्या दिंड्यांचे ट्रक बघावेत. फळ्या टाकून माळा केलेला, वर तंबू नि सतरंज्या, खाली शिधा आणि पातेली, रात्री ट्रकच्या आडोशाला पंगत. नारायणगावला पाडव्याच्या आधी राहुट्या लागतात त्या तमाशाच्या फडांचा हंगामभराचा संसारही ट्रक-बसमधूनच फिरतो. जुनी मालवाहू गाडी घेऊन तिला मुक्कामाच्या कामाला लावायची, हे इथल्या माणसाला यूट्यूबने शिकवलेलं नाही. मुळात 'टेम्पो' हा शब्दच एका कंपनीच्या नावातून आला. बजाज टेम्पो, म्हणजे आजची आकुर्डीची फोर्स मोटर्स. हॅम्बुर्गच्या 'टेम्पो' कंपनीच्या तीनचाकीवरून सुरुवात झाली आणि कंपनीचं नाव गाडीच्या जातीलाच चिकटलं. पुढे तिचीच मॅटाडोर आली, १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आली. आज बाजारात दिसणाऱ्या कित्येक कॅरॅव्हॅन याच ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर उभ्या असतात.

फरक एवढाच की दिंडीच्या ट्रकला कोणी घर म्हणत नाही. तो मालवाहू असतो आणि वारी संपली की पुन्हा माल वाहतो. कॅम्परवाला गाडी कायमची बदलतो. कायद्याची गाठ तिथे पडते.

कलम ५२ काय म्हणतं

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ साध्या भाषेत असं आहे: कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसीमध्ये जे तपशील नोंदले, त्याच्याशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे आणखी घट्ट केलं. केरळ उच्च न्यायालयाने गाडीत बदल करायला थोडी मोकळीक दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. कंपनीच्या मूळ रचनेशी जुळत नसेल असा बदल चालणार नाही, हे स्पष्ट झालं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ अ आलं. त्यानुसार मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचायला हवेत. छताला भोक पाडून पंखा बसवला, बाजूचा पत्रा कापून खिडकी काढली, मागे वेल्डिंग करून सीट लावली, तर हे तीन बदल धरले जाऊ शकतात.

मग कॅम्पर हा प्रकारच बेकायदा आहे का? नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २००४ मध्ये वाहनांचे प्रकार ठरवणारी जी अधिसूचना काढली, त्यात खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनला बिगर-परिवहन गटात जागा आहे. मोटर कॅरॅव्हॅन कशी असावी यासाठी एआयएस-१२४ नावाचं स्वतंत्र मानक आहे. म्हणजे नोंदणीचा खण तयार आहे. त्या खणात जाण्याची वाट मात्र कारखान्यासाठी आखलेली आहे. नमुना गाडी बनवायची, ती मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायची, नमुना पास झाला की तशाच गाड्या बनवून विकायच्या. एकच गाडी आणि तीही जुनी, स्वतःच्या हाताने बनवणाऱ्याने कुठे उभं राहायचं, याचं उत्तर या पद्धतीत नाही.

यातली गंमत म्हणा की थट्टा, अशी तपासणी करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी दोन पुण्यातच आहेत. वेताळ टेकडीवर एआरएआय आणि भोसरीला सीआयआरटी. नारायण पेठेतून टेकडीवरची एआरएआय चार-पाच किलोमीटरवर. पण तिथे आपली एकुलती एक व्हॅन घेऊन जाणाऱ्या माणसासाठी खिडकी नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने एक दार किलकिलं ठेवलंय. बदलांसाठी निकष, अटी आणि मंजुरीची पद्धत केंद्र सरकार ठरवून देऊ शकतं, असं कलम ५२ मध्ये लिहिलं गेलं. सीएनजी किटसाठी, इलेक्ट्रिक किटसाठी असे नियम आहेत. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायचीही तरतूद आहे. कॅम्परसाठी तसा सुटा रस्ता काढायला कायदा बदलावा लागणार नाही, नियम पुरेत.

बाहेरच्या देशांत हे कसं चालतं? ब्रिटनमध्ये मालकाने स्वतः व्हॅन बदलली तर फोटो आणि तपासणी यादी पाठवून नोंद 'मोटर कॅरॅव्हॅन' करून मागता येते. सहा फुटांची झोपायची जागा, बसायला सीट आणि टेबल, पक्का बसवलेला स्वयंपाकाचा ओटा, बाजूला खिडकी, अशा अटी असतात. बाहेरून ती व्हॅनच दिसते म्हणून बरेच अर्ज तिथेही फेटाळले जातात, पण अर्ज करायला जागा तरी आहे. जर्मनीत एकेक गाडी तपासणीकाकडे नेऊन नोंद बदलून घेता येते. भारतात एकाच गाडीची अशी तपासणी झाली तर ब्रेक, वजन, वायरिंग, गॅस हे सगळं एका जाणत्या माणसाच्या नजरेखालून जाईल. आज ते कोणीच बघत नाही.

विमा कुठे अडतो

दंडाची भीती दाखवून फार उपयोग होत नाही, पाच हजार भरून माणूस पुढे निघतो. खरी गोम विम्यात आहे.

मालवाहू गाडीच्या विम्यात कोण येतं? कायद्याच्या कलम १४७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी आला. बाकी फुकट बसून निघालेली माणसं त्यात नाहीत. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की मालवाहू वाहनातून अशा प्रवास करणाऱ्यांसाठी विमा कंपनी बांधील नाही. वऱ्हाडाचे टेम्पो, जत्रेला निघालेले पिकअप उलटले की बातमीत मृतांचा आकडा येतो, शासकीय मदतीची घोषणा होते. पुढे मोटार अपघात न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं काय चालतं ते बातमीत येत नाही. तिथे विमा कंपनीचा पहिला बचाव हाच असतो. काही खटल्यांत न्यायालयाने कंपनीला आधी पैसे भरायला लावले आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा दिली. म्हणजे शेवटी मालकच.

आता ईको कार्गोत मागे पलंग टाकून त्यावर दोन मुलं झोपलेली आहेत आणि आई-वडील पुढे बसून रात्री कोकणात निघालेत, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. कागदावर ही मुलं मालवाहू गाडीतला फुकटचा प्रवासी. त्यांच्या पलंगाला पट्टा नाही, पाठीमागे तपासून बसवलेली सीट नाही. वाहनात बदल केल्याचं कळवलं नव्हतं, हा मुद्दाही विमा कंपनी काढणार. पुढच्या सीटवर बसलेल्या बायकोबद्दलसुद्धा 'ही मालाची मालक की प्रवासी' असा वाद उभा राहू शकतो.

लायसनचा प्रश्न त्यामानाने सुटलाय. ६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतचं परिवहन वाहन चालवता येतं हे नक्की झालं. त्यामुळे पिवळ्या पाटीची व्हॅन पेठेतला माणूस चालवू शकतो. मागे माणसं झोपवू शकतो का, हा वेगळा प्रश्न.

विकणाऱ्याची सही, विकणाऱ्याची जबाबदारी

आता तालुक्याच्या बाजूने. जुना टेम्पो कसा विकला जातो हे इथे कोणाला सांगायला नको. विसार घेतला, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली, फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या दिल्या, आरसी हवाली केली. 'नावावर करून घेतो, पंधरा दिवसांत होईल,' असा शब्द. मध्ये एजंट असेल तर त्याने ती गाडी आणखी एकाला विकलेली असते. फॉर्म त्याच सह्यांचे, तारीख कोरी.

फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नेमकं असंच प्रकरण आलं. गाडी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी हातोहात विकली गेली होती. आरटीओच्या नोंदीत नाव पहिल्याचंच. अपघात झाला तेव्हा गाडीचा आणि त्याचा काही संबंध उरला नव्हता. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. अपघातग्रस्ताने खऱ्या मालकाच्या मागे गावोगाव फिरायचं का? भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर ठेवली गेली.

निकाल अपघातग्रस्ताच्या बाजूने पाहिला तर योग्यच आहे. विकणाऱ्याने मात्र त्यातून आपलं काय ते समजून घ्यायला हवं. नोटरी केलेला कागद दोघांतल्या व्यवहाराचा पुरावा आहे, आरटीओच्या लेखी मालकी बदलल्याचा नाही.

साध्या टेम्पोच्या विक्रीतही हा धोका असतोच. घेणारा गाडीची कॅम्पर करणार असेल तर तो दोन कारणांनी वाढतो. एक म्हणजे विम्याचं, ते वर आलंच आहे. दुसरं म्हणजे, घेणाऱ्यालाच गाडी नावावर करायची घाई नसते. एकदा आत लाकूडकाम झालं, खिडकी कापली, की ती गाडी तपासणीला आरटीओत उभी करायची त्याला भीती वाटते. परिवहन वाहन म्हणजे फिटनेस आला. आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. आत पलंग दिसला तर पासिंग होणार नाही म्हणून काही जण ते टाळतात. मग फिटनेस संपलेली, विमा अडकलेली, एमएच ४२ किंवा एमएच १४ ची गाडी पुण्यात फिरत राहते आणि तिची चलनं बारामती-जुन्नरकडच्या माणसाच्या मोबाईलवर येतात.

विकणाऱ्याने करायचं काय? कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. हे काम घेणाऱ्यावर किंवा एजंटवर सोडू नये. गाडीवर पतसंस्थेचा किंवा बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ घेऊन तो आधी उतरवून घ्यावा, नाहीतर नाव बदलतच नाही. फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव आणि तारीख आपल्या डोळ्यांसमोर भरून मगच सही करावी. विमा कंपनीलाही विक्रीचं पत्र द्यावं. 'कॅम्पर करायला घेतोय' असं घेणारा मोकळेपणाने म्हणत असेल, तर नाव बदलेपर्यंत काही रक्कम रोखून धरण्यात वावगं काही नाही. आणि गाडीच्या हातात पडलेल्या किमतीत हजार-दोन हजार कमी झाले तरी चालतील, पण सगळी कागदपत्रं आपल्या देखत आरटीओच्या पोर्टलवर चढलेली बघूनच उठावं.

पत्र्याच्या आत काय होतं

बांधकामाच्या बाजूलाही थोडं बोलायला हवं, कारण व्हिडिओत सगळं सोपं दिसतं.

पहिलं वजन. अठरा मिलिमीटर प्लायवूडचा आठ बाय चारचा एक तुकडा पस्तीस किलोच्या आसपास भरतो. चार तुकडे लागले की दीडशे किलो झाले. शंभर लिटर पाण्याचे शंभर किलो. बॅटरी, गादी, भांडी, माणसं. छोट्या व्हॅनची वाहण्याची क्षमता यात कधी संपते ते कळत नाही. माल उतरवला की टेम्पो हलका होतो, घर चोवीस तास लादलेलंच असतं. वरंधा किंवा ताम्हिणी उतरताना ब्रेक तापतात ते त्यामुळे. बारा मिलिमीटर प्लाय आणि ॲल्युमिनियमची चौकट वापरणारा शहाणा.

दुसरं पाणी आणि उष्णता. पत्र्याची गाडी शिरूर-दौंडच्या एप्रिलमध्ये तव्यासारखी तापते म्हणून आतून फोम चिकटवतात. तीच गाडी जुलैत मुळशीला नेली की पत्रा आणि फोम यांच्यामधल्या फटीत बाष्प धरतं आणि पत्रा आतून कुजायला लागतो. बाहेरून रंग चकाचक, आतून गंज. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस पडला होता. असल्या हवामानात छताला पाडलेल्या प्रत्येक भोकाची परीक्षा होते. त्याच दिवशी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने पुण्यात नदीकाठच्या वस्त्यांत दाणादाण उडवली. नारायण पेठेतल्या वाड्यात व्हॅन लावायला जागा नसते, म्हणून ती भिडे पुलाजवळ नदीपात्रातल्या रस्त्याला उभी राहते. पावसाळ्यात विसर्ग वाढला की तो पूल आणि रस्ता दोन्ही पाण्याखाली जातात. पेठेत कॅम्पर ठेवायचा पहिला प्रश्न पलंगाचा नसतो, पार्किंगचा असतो.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो, आणि कॅम्परमध्ये माणूस खालीच झोपलेला असतो. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर घरासाठी दिलेला असतो, गाडीसाठी नाही. पाच किलोचा छोटा सिलिंडर बाजारभावाने मिळतो, पण तोही झोपायच्या जागेपासून वेगळ्या, खाली हवा जाईल अशा कप्प्यात हवा. जुन्या ईकोला सीएनजी असेल तर तिच्या टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी लागते. विकणाऱ्याने शेवटची कधी केली, हे घेणारा विचारतच नाही. त्याच टाकीच्या जवळ शेगडी आणि वायरिंग! थंडीत काचा बंद करून आत शेगडी पेटती ठेवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला बोलावणं. त्याला वास नसतो.

विजेचा हिशेब त्यामानाने सरळ आहे. शंभर अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास. दिवे, पंखा, मोबाईल, लहान फ्रिज यावर एक दिवस निघतो. इंडक्शन शेगडी लावायची म्हटलं तर तासाभरात खेळ खल्लास.

गाडी शेवटी थांबते कुठे

ही गाडी शनिवारी सकाळी पेठेतून निघते आणि संध्याकाळी तालुक्यात थांबते. पवना, पानशेत, मुळशी, भाटघर, डिंभे. पवनेच्या काठाला शेतकऱ्यांनी तंबूंचा धंदा उभा केलाच आहे. कॅम्परवाल्याला तंबू नको, त्याला रात्रभर उभं राहायला सपाट जागा, पाणी, एक प्लग आणि संडास हवा. यात शेतकऱ्याला चार पैसे आहेत.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं ते हेच हेरून. जिथे पक्कं बांधकाम करता येत नाही अशा डोंगर-धरणाच्या जागी कॅरॅव्हॅन पार्क उभे करायचे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, काही करांत सवलती. त्याआधी २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आलं होतं. कागदावर दोन्ही एकमेकांना पूरक. पण कॅरॅव्हॅन धोरणातली गाडी ही पास झालेली, कंपनीकडून आलेली गाडी आहे आणि पार्क चालवणारा उद्योजक आहे. स्वतः बनवलेल्या व्हॅनवाल्याला धोरणात नाव नाही आणि दोन गाड्या उभ्या करू देणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणीचा सगळा व्याप पेलत नाही. त्यामुळे दोघांचा व्यवहार बांधावरच, तोंडी होतो. पोरगं बुडालं, गाडी पेटली, तर तोंडी व्यवहाराला पुरावा नसतो.

जागा देणाऱ्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. शेतीपंपाच्या कनेक्शनवरून कॅम्परला वीज देऊन पैसे घेणं हा विजेचा अनधिकृत वापर ठरतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. रात्रीला शंभर-दोनशे मिळवायला जाऊन तसं बिल ओढवून घेण्यात अर्थ नाही. वेगळं मीटर घ्यावं आणि त्यावर ईएलसीबी असावा, कारण घरी जोडलेल्या वायरिंगची गाडी ओल्या शिवारात उभी राहणार आहे.

मैल्याचाही प्रश्न आहे. काही व्हॅनमध्ये डब्याचा संडास असतो, तो कुठेतरी रिकामा करावाच लागतो. नेमका कुठे, हे सोमवारी सकाळी गावाला कळतं. धरणाचं पाणी खालच्या गावांच्या नळाला येतं. न्यूझीलंडने २०२३ मध्ये कायदा करून उघड्यावर मुक्काम करणाऱ्या गाडीत पक्का बसवलेला संडास सक्तीचा केला, तोही तपासून दाखला घेतलेला. आपल्याकडे ग्रामपंचायतीने ठराव करून एक शोषखड्डा आणि एक नळ दिला, त्याची फी लावली, तरी बरंच निभावेल. जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणाजवळचा अपघात झाला, तेव्हापासून पावसाळ्यात पर्यटनस्थळांवर जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश निघतात. पण सगळा भर पाण्याजवळ जाऊ नका यावर. कुठे उभं राहायचं, हे कोणी सांगत नाही.

आजच्या कायद्यात ज्याला कमी भानगडीत हौस भागवायची आहे, त्याच्यासाठी मार्ग कंटाळवाणा आहे. कार्गो घेऊच नये. सीट असलेली, पांढऱ्या पाटीची प्रवासी ईको किंवा तत्सम गाडी घ्यावी, आरसीत जेवढ्या सीट तेवढ्या जागेवर ठेवाव्यात, आणि पलंगाची पेटी अशी करावी की मुक्कामाला उघडली, निघताना मिटून सामानासारखी मागे ठेवली. वेल्डिंग नाही, पत्रा कापणं नाही. प्रवासात प्रत्येक जण सीटवर, पट्टा लावून. दिसायला ती इन्स्टाग्रामसारखी होत नाही, पण तिथे वादाची जागा कमी राहते. ज्याला पक्कं घरच हवंय त्याने मान्यता असलेल्या बांधणीवाल्याकडे जावं आणि त्या मान्यतेचा कागद आगाऊ रक्कम देण्याआधी मागावा.

इंदापूरच्या माणसाने दिवाळीत विकलेली व्हॅन पुढच्या आषाढातही त्याच्याच नावावर असू शकते. परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकला की नोंदीची स्थिती दिसते, फिटनेसची आणि विम्याची तारीख दिसते. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम. ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत जुना टेम्पो विकलाय त्यांनी आज रात्री जेवण झाल्यावर तो नंबर टाकून बघावा. नाव बदललेलं नसेल तर कोऱ्या सह्या घेऊन गेलेल्या एजंटचा नंबर अजून लागतोय का, तेही.